अंकुरित धान्याचा पाव आणि सौंसर-पांढुर्ण्याचे ताट

मोड आलेल्या धान्याचा पाव विकत घेण्याजोगा आहे की नाही, हे तो पाव ताटातील कोणत्या पदार्थाला उठवून त्याच्या जागी बसणार यावर ठरते. आणि या विषयावरचे बहुतेक लेखन मैद्याच्या पांढऱ्या पावाला समोर ठेवून पाश्चात्त्य देशांत झालेले असल्याने तेथील निष्कर्ष इकडे जसेच्या तसे उचलता येत नाहीत. २०२३ मध्ये छिंदवाडा जिल्ह्यातून वेगळे काढून ज्या दोन तालुक्यांचा पांढुर्णा हा नवा जिल्हा करण्यात आला, त्या सौंसर आणि पांढुर्णा तालुक्यांत ही अडचण स्पष्ट दिसते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि हा मराठीभाषक पट्टा मध्य प्रदेशात राहिला, तरी येथील स्वयंपाकघर विदर्भाचेच राहिले: गव्हाची पोळी, ज्वारीची भाकर, सणावाराला रोडगे, आणि सोबत पिठले किंवा बरबटीची भाजी. पाव येथे जेवणाचा भाग नाही. तो चहासोबत, आजाऱ्याच्या पथ्याला किंवा मुलांच्या डब्यात येतो. ‘अंकुरित’, ‘स्प्राउटेड’ असे शब्द मिरवणारा महागडा पाव नागपूरच्या दुकानांतून किंवा घरपोच सेवेतून मागवायचा, तर त्याची तुलना मैद्याच्या पावाशी करायची की घरच्या पोळीशी, हे आधी ठरवावे लागते.

दाणा भिजला की त्याच्या टोकाचा अंकुर जागा होतो आणि जिबरेलिन नावाचे संप्रेरक, म्हणजे वाढीचा संदेश पोहोचवणारे द्रव्य, सोडतो. हे द्रव्य दाण्याच्या सालीलगतच्या थरात, ज्याला अल्युरोन थर म्हणतात, पोहोचले की तेथे निरनिराळी विकरे तयार होऊ लागतात. विकर म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन. त्यांपैकी अमायलेज हे पिठूळ स्टार्चचे साखरेत रूपांतर करते, प्रोटिएज प्रथिनांचे तुकडे करते आणि फायटेज हे फायटिक आम्ल मोडते. रोपाला उगवून येण्यासाठी जी शिदोरी दाण्यात बांधून ठेवलेली असते ती सोडण्याची ही तयारी असते, आणि माणूस ती मध्येच थांबवून आपल्या उपयोगाला लावतो. मोड किती लांब होऊ द्यायचे यालाही मर्यादा आहे. अमेरिकेतील धान्यरसायनतज्ज्ञांच्या संघटनेने २००८ मध्ये असे ठरवले की, कोंडा, अंकुर आणि गर हे तिन्ही भाग शाबूत असतील, मोडाची लांबी दाण्याच्या लांबीपेक्षा अधिक नसेल आणि पोषणमूल्ये घटलेली नसतील, तरच अंकुरित धान्याला संपूर्ण धान्य म्हणावे. त्यापुढे वाढले की ते धान्य उरत नाही, गवत होऊ लागते.

अशा धान्याचा पाव दोन रीतींनी बनतो. पहिल्या रीतीत ओले, मोड आलेले धान्य पीठ न करता तसेच भरडून त्याचा लगदा मळतात व भाजतात. कॅलिफोर्नियातील फूड फॉर लाइफ या कंपनीचा, बायबलमधील यहेज्केल या ग्रंथातील वचनावरून नाव घेतलेला आणि गहू, जव, बाजरीच्या जातीचे भरडधान्य, मसूर, सोयाबीन व स्पेल्ट यांचा पाव याच प्रकारचा असून, परिरक्षके नसल्यामुळे तो बहुधा गोठवलेल्या अवस्थेत विकला जातो. दुसऱ्या रीतीत मोड आलेले धान्य मंद उष्णतेवर वाळवून दळतात आणि त्या पिठाचा नेहमीसारखा पाव करतात. भारतात मिळणाऱ्या पावाच्या बाबतीत तिसरी एक शक्यता लक्षात ठेवावी लागते, ती अशी की मूळ पाव मैद्याचा किंवा साध्या आट्याचा असून अंकुरित धान्य त्यात केवळ नावापुरते असावे. वेष्टनावर घटकपदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमाने छापणे कायद्याने बंधनकारक असल्यामुळे हा घोळ उलगडणे मात्र सोपे आहे: पहिले नाव ‘रिफाइंड व्हीट फ्लोर’, म्हणजे मैदा, असे असेल आणि अंकुरित धान्य मीठ-साखरेच्या आसपास येत असेल, तर समोरच्या बाजूचे हिरवे पान आणि कोंबाचे चित्र यांना फारसा अर्थ उरत नाही.

येथे शेतकऱ्याला तरी खटकावी अशी एक विसंगती आहे. फाल्गुन-चैत्रात अवकाळी पाऊस झाला आणि गहू ओंबीतच भिजून त्याला शेतात कोंब फुटले, तर मंडीत तो गहू खराब ठरतो, त्याचा भाव पडतो आणि सरकारी खरेदीतही अशा दाण्यांचे प्रमाण एका मर्यादेपलीकडे चालत नाही. तोच अंकुर बेकरीत फुटला तर पावाची किंमत वाढते. यात लबाडी नाही. शेतातला कोंब कधी फुटला, किती वाढला आणि सोबत कोणती बुरशी धरली, यावर कोणाचे नियंत्रण नसते, तर कारखान्यात पाणी, तापमान आणि वेळ या तिन्ही गोष्टी हातात असतात. भट्टीवाल्यांना या फरकाचे इतके महत्त्व वाटते की त्यासाठी त्यांनी एक स्वतंत्र मोजमाप ठरवून टाकले आहे. ‘फॉलिंग नंबर’ नावाच्या या परीक्षेत पीठ व पाणी काचनळीत घेऊन उकळत्या पाण्यात ठेवतात, ते ढवळून घट्ट होऊ देतात आणि त्यातून एक दांडी तळाशी जायला किती सेकंद लागतात ते पाहतात. चांगल्या गव्हाच्या पिठाची खीर दाट राहते आणि दांडी तीनशे सेकंदांच्या आसपास खाली पोहोचते. कोंब फुटलेल्या गव्हातील अमायलेज मात्र स्टार्च तोडून खीर पातळ करून टाकते आणि दांडी मिनिट-दीड मिनिटात तळ गाठते. अशा पिठाचा पाव आतून चिकट होतो, सुरीला लागतो आणि मधोमध बसतो. त्यामुळेच अंकुरित धान्याच्या कित्येक पावांत गव्हातून वेगळे काढलेले ग्लुटेन, म्हणजे कणकेला ताण देणारे चिवट प्रथिन, वरून मिसळावे लागते, आणि वेष्टनावरचे प्रथिनाचे आकडे फुगण्यामागे काही अंशी हेच मिसळलेले ग्लुटेन असते.

पोषणाच्या दाव्यांकडे वळताना कोणत्याही आकड्याला एक प्रश्न विचारणे आवश्यक ठरते, तो असा की हे माप ओल्या वजनावर आहे की कोरड्या. मोड आलेल्या धान्यात पाणी अधिक असते, म्हणून शंभर ग्रॅममागे त्याच्या बहुतेक पोषकांचे आकडे कमी दिसतात. उलट कोरड्या वजनावर पाहिले तर उगवताना दाण्याने श्वसनात थोडे स्टार्च जाळलेले असल्यामुळे प्रथिनाची टक्केवारी किंचित वाढलेली भासते, जरी प्रत्यक्षात नवे प्रथिन फारसे निर्माण झालेले नसते. लोह किंवा जस्त यांसारखी खनिजे तर अंकुरणाने वाढूच शकत नाहीत, कारण दाण्याला फक्त पाणी दिलेले असते. ‘पोषण कितीतरी पटींनी वाढते’ हे वाक्य जेथे जेथे छापलेले आढळते तेथे ते बहुधा एखाद्याच जीवनसत्त्वापुरते खरे असते.

असे एक जीवनसत्त्व म्हणजे फोलेट, जे रक्तपेशींच्या निर्मितीसाठी आणि गर्भाच्या मज्जारज्जूच्या वाढीसाठी लागते. गव्हाला मोड आणल्यास त्यातील फोलेट तिप्पट-चौपट होऊ शकते आणि भाजताना त्यातले काही नष्ट झाले तरी उरलेले प्रमाण साध्या पिठापेक्षा जास्त राहते, असे इजिप्तमधील रोजच्या चपट्या पावावर झालेल्या अभ्यासातून दिसून आले आहे. हा लाभ खरा आहे. अंकुरणात जे थोडे क जीवनसत्त्व नव्याने तयार होते, त्याचा मात्र पावात विचार करण्याचे कारण नाही, कारण भट्टीच्या उष्णतेत ते टिकत नाही.

दुसरा, अधिक वेळा सांगितला जाणारा लाभ फायटिक आम्लाशी निगडित आहे. धान्याच्या कोंड्यात असलेले हे आम्ल लोह आणि जस्त यांना बांधून ठेवते, त्यामुळे ती आतड्यात शोषली जात नाहीत. अंकुरणात फायटेज हे विकर जागे होऊन आम्लाचा काही भाग मोडते. किती, हे भिजवण्याच्या आणि मोडाच्या वेळेवर, तापमानावर व धान्याच्या जातीवर अवलंबून राहते. पण हेच काम कणीक आंबवूनही होते, आणि आंबट खमिराच्या पावात, जेथे आम्लता फायटेजला मानवेल अशी होते, ते पुष्कळदा अधिक चांगले होते. देशात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये आणि पाच वर्षांखालील ६७ टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आढळलेला असताना लोहाचे शोषण हा क्षुल्लक मुद्दा नव्हे. तो सोडवण्याचे साधन म्हणून महागडा पाव पुढे करणे मात्र सौंसर-पांढुर्ण्यात तरी विचित्र दिसते, कारण या दोन्ही तालुक्यांची ओळखच संत्र्याची आहे. धान्यातील लोहाचे शोषण वाढवणारा सर्वांत परिणामकारक आणि स्वस्त घटक क जीवनसत्त्व हा असून संत्र्याच्या शंभर ग्रॅम गरात ते ४० ते ५० मिलिग्रॅम असते. जेवणासोबत एवढे क जीवनसत्त्व पोटात गेले तर त्या जेवणातील लोहाचे शोषण दुप्पट-तिप्पट होऊ शकते, असे एकेका जेवणावर केलेल्या प्रयोगांतून दिसते. दीर्घकाळच्या आहारात हा परिणाम एवढा ठळक राहत नाही, हेही नोंदवायला हवे. आंबिया बहाराची फळे दिवाळीच्या आगेमागे आणि मृग बहाराची फळे फेब्रुवारीपासून उतरतात. बाजारात जी लहान, डागी संत्री व्यापारी बाजूला काढतो त्यांतही हे जीवनसत्त्व तेवढेच असते. बहार नसताना लिंबू आणि आवळा आहेतच. अट एवढीच की फळ जेवणासोबत खावे, दुपारी चार वाजता वेगळे नव्हे, आणि जेवणाला लागून चहा घेऊ नये, कारण चहातील टॅनिन लोहाला पुन्हा अडवते.

तुलना कोणाशी करायची, हा सुरुवातीचा प्रश्न येथे निर्णायक होतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भारतीय अन्नघटक कोष्टकांनुसार शंभर ग्रॅम मैद्यात तंतुमय पदार्थ पावणेतीन ग्रॅमच्या जवळपास आणि लोह पावणेदोन मिलिग्रॅम असते. तेवढ्याच गव्हाच्या आट्यात तंतू सव्वाअकरा ग्रॅमच्या आसपास आणि लोह चार मिलिग्रॅम असते. ज्वारीही आट्याच्या बरोबरीने येते. म्हणजे मैद्याच्या पावाकडून अंकुरित धान्याच्या पावाकडे जाताना जो मोठा लाभ होतो त्यातला बहुतांश भाग धान्य कोंड्यासकट खाल्ल्याचा असतो, त्याला मोड आणल्याचा वाटा त्यावर थोडासाच असतो. चक्कीवर दळून आणलेल्या, न चाळलेल्या पिठाची पोळी किंवा भाकर जेथे रोज खाल्ली जाते तेथे हा मोठा भाग आधीच पदरात पडलेला आहे. पोळी सोडून पाव घेणाऱ्याला त्यामुळे केवळ वरचा थोडासा वाटा मिळतो, आणि त्यासोबत पावातले मीठ, कधी साखर, आणि वाटेत गेलेले दिवसही येतात.

रक्तातील साखरेबाबत पुरावा काहीसा आशादायक असला तरी तोकडा आहे. कॅनडात २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बारा स्थूल पुरुषांना निरनिराळे पाव खायला दिले असता अंकुरित धान्याच्या पावानंतर रक्तशर्करा इतर पावांच्या तुलनेत कमी चढली. बारा माणसांवर, एकेका जेवणापुरता केलेला हा प्रयोग मधुमेह्याच्या रोजच्या आहाराविषयी ठाम काही सांगायला पुरेसा नाही. शिवाय अशा पावात प्रथिन आणि तंतू अधिक असल्याने परिणाम मोडाचा की त्यांचा, हे वेगळे काढणे अवघड आहे. भाकरीसोबत डाळ किंवा उसळ खाल्ली तरी साखर चढण्याचा वेग कमी होतोच.

किमतीचा हिशेब थोडक्यात मांडता येतो. २०२५-२६ च्या रब्बी विपणन हंगामासाठी गव्हाचा किमान आधारभाव क्विंटलला २४२५ रुपये होता, म्हणजे किलोला सव्वाचोवीस रुपये. चारशे ग्रॅमच्या पावात साधारण अडीचशे ग्रॅम कोरडे धान्य असते, तेव्हा त्यातील गहू सहा-सव्वासहा रुपयांचा होतो. वरची सारी किंमत भट्टी, वेष्टन, शीतसाखळी, वाहतूक आणि नाव यांची असते. नागपूरहून येणाऱ्या मालाला ही वाहतूक अधिकच जड पडते, आणि परिरक्षक नसलेला पाव उन्हाळ्यात दुकानाच्या फळीवर दोन दिवसही नीट टिकत नाही.

अंकुरित धान्याभोवतीचा उत्साह नवा नाही, आणि त्यावरील आक्षेपही नवे नाहीत. विसाव्या शतकात अमेरिकेतील अ‍ॅन विग्मोर यांनी कच्चे मोड आणि गव्हांकुराचा रस यांचा जो प्रचार केला, त्याची लाट पुढे भारतातील निसर्गोपचाराच्या वर्तुळांतही आली. त्याच्याही आधी, १९२९ मध्ये, साबरमतीच्या आश्रमात महात्मा गांधींनी न शिजवलेल्या अन्नाचा प्रयोग केला होता आणि त्याची माहिती ‘यंग इंडिया’त दिली होती, रोज आठ तोळे मोड आलेला गहू, वाटलेले बदाम, हिरवी पाने, लिंबू आणि मध असा तो आहार होता, आणि काही महिन्यांनी पोट बिघडल्यामुळे त्यांना तो सोडावा लागला. पुढे वर्ध्याला आल्यावर त्यांनी भर दिला तो हातसडीच्या तांदळावर आणि हाताने दळलेल्या पिठावर, म्हणजे अखंड धान्यावर. सुश्रुतसंहितेत तर विरूढ, म्हणजे मोड आलेले धान्य पचायला जड, दाह करणारे आणि दृष्टीला अपायकारक मानले आहे. आजच्या शास्त्राला यातील दृष्टीचा भाग मान्य होणार नाही, पण ‘प्राचीन भारतीय ऋषींचे अन्न’ म्हणून हा पाव विकणाऱ्यांनी ते प्रकरण एकदा वाचायला हरकत नाही.

अंकुरणाचा खरा उपयोग जेथे सर्वांत मोठा आहे त्या जागा पावाच्या दुकानात नाहीत. पहिली जागा कडधान्यांची: मूग, मटकी, बरबटी यांना मोड आणल्याने पोटात वायू करणाऱ्या रॅफिनोज गटातील शर्करा घटतात, शिजायला वेळ कमी लागतो आणि फायटिक आम्लही कमी होते. हे काम विदर्भ-सातपुड्यातल्या घरांत ओल्या फडक्याच्या पुरचुंडीत पिढ्यान्‌पिढ्या होत आले आहे. दुसरी जागा बाळाच्या वाटीची, आणि तिच्याकडे या चर्चेत जेवढे लक्ष जायला हवे तेवढे जात नाही. सहा महिन्यांनंतर बाळाला पेज किंवा लापशी सुरू करतात तेव्हा पिठाचे प्रमाण वाढवले की ती घट्ट गोळा होते आणि बाळ गिळत नाही, म्हणून आई पाणी घालून ती पातळ करते. वाटी भरलेली दिसते, पण तिच्यात अन्न थोडे असते. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात तारा गोपालदास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात दाखवून दिले की, अशा घट्ट लापशीत मोड आणून वाळवलेल्या गव्हाचे एखादा लहान चमचा पीठ ढवळले, तर त्यातील अमायलेज काही मिनिटांत स्टार्च तोडून लापशी पातळ करते, पाणी न वाढवता. जे विकर भट्टीवाल्याचा पाव बिघडवते तेच येथे उपयोगी पडते. पीठ लापशी गरम असताना पण उकळत नसताना घालायचे असते, कारण उकळीत विकर लगेच मरते. मग ती पातळ झाल्यावर पुन्हा एकदा उकळून घेतली की मोडांसोबत आलेले जंतूही मरतात. अंगणवाडीच्या पातळीवर हे तंत्र जितके उपयोगी ठरू शकते, तितका उपयोग शहरी न्याहारीच्या टोस्टमध्ये मोड घालून होणार नाही.

घरी असे पीठ करणे अवघड नाही. गहू रात्रभर भिजवून, पाणी निथळून ओल्या फडक्यात ठेवला की उन्हाळ्यात चोवीस तासांच्या आत पांढरे टोक दिसू लागते. मोड दाण्याच्या लांबीइतके होण्याआधी तो पातळ पसरून वाळवावा, आणि चैत्राचे ऊन असेल तर दोन दिवस पुरतात. दाणा दातांखाली कट्‌कन तुटला तरच चक्कीवर न्यावा, नाही तर ओलसर दाणा जात्याच्या पाट्याला चिकटतो आणि चक्कीवाला पुढच्या वेळी घेत नाही. या पिठाच्या नुसत्या पोळ्या चिकटतात आणि फाटतात, म्हणून रोजच्या आट्यात चौथा हिस्सा मिसळणे पुरे. पावसाळ्यात हा उद्योग करू नये, कारण वाळायच्या आधी बुरशी धरते.

ज्वारीच्या बाबतीत सावधगिरी अधिकच हवी, आणि ज्वारीच्या मुलखात हे सांगणे भाग आहे. कोवळी ज्वारी गुरांना चारू नये हे प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक असते. तिच्यातील धुरिन नावाचा पदार्थ पोटात मोडून सायनाइड मोकळे होते. हाच पदार्थ ज्वारीच्या मोडात असतो आणि तो मुख्यतः कोंबात साठतो. ज्वारी अंकुरवायचीच असेल तर ती वाळवून, कोंब व मुळे चोळून व पाखडून पूर्ण काढून टाकून, मगच शिजवून वापरावी. मटकीसारखी कच्ची मोडाची ज्वारी कधीही खाऊ नये. नाचणी आणि गहू यांना ही अडचण नाही. कच्च्या मोडांची दुसरी अडचण जंतूंची आहे: २०११ मध्ये जर्मनीत मेथीच्या मोडांतून पसरलेल्या ई कोलाय जंतूने पन्नासांहून अधिक माणसे दगावली. पाव भाजलेला असल्यामुळे त्याला हा धोका उरत नाही, आणि कच्च्या मोडांपेक्षा पाव या एका बाबतीत वरचढ ठरतो.

ज्या घरात मुले किंवा नोकरदार माणसे सकाळी मैद्याचाच पाव खातात आणि पोळी करायला वेळ नाही, अशा घराने वेष्टनावर पहिले नाव अंकुरित किंवा संपूर्ण गव्हाचे असलेला पाव घेतला तर पैसे वाया गेले असे म्हणता येणार नाही. फक्त त्याच किमतीत शंभर टक्के आट्याचा साधा पाव मिळत असेल तर त्यात आणि यात फरक फार थोडा आहे. गर्भवतीने फोलेटसाठी म्हणून तो घेऊ नये, कारण शासकीय आरोग्य केंद्रातून विनामूल्य मिळणाऱ्या लोह-फोलिक आम्लाच्या गोळीची जागा कोणताही पाव घेऊ शकत नाही. आणि ज्यांना सीलिअ‍ॅक आजार आहे, म्हणजे ग्लुटेनमुळे ज्यांच्या आतड्याचे अस्तर झिजते, त्यांच्यासाठी गव्हाचा अंकुरित पाव नेहमीच्या पावाइतकाच घातक आहे: मोड आणल्याने ग्लुटेनचे तुकडे होतात, ते नाहीसे होत नाही, आणि वर मिसळलेले ग्लुटेन वेगळेच. अशा रुग्णाला सौंसर-पांढुर्ण्यात ज्वारीची भाकर आहे, मात्र तिचे पीठ गहू दळलेल्या चक्कीवर त्याच पाळीत दळून आणू नये.